दोष कुठे राहतो?

मे १९९३. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, न्यू मेक्सिको राज्यातल्या गॅलप गावाकडे नवाहो या मूळनिवासी अमेरिकन जमातीतला एक तरुण धावपटू मोटारीतून निघाला होता. काही दिवसांपूर्वीच त्याची वाग्दत्त वधू धाप लागून वारली होती आणि तो तिच्या अंत्यविधीला चालला होता. वाटेतच त्याचा श्वास कोंडला. लांब पल्ल्याच्या शर्यती पळणारा हा मुलगा रुग्णालयात गेला, तेव्हा त्याची फुप्फुसं पाण्यानं भरून गेली होती. डॉक्टरांना त्याला वाचवता आलं नाही. चौकशी सुरू झाली आणि त्याच परिसरात असेच दगावलेले आणखी तरुण आढळले. त्या भागात प्लेगचे तुरळक रुग्ण दर काही वर्षांनी सापडतात, म्हणून आधी प्लेग तपासला. तो नव्हता. इन्फ्लुएन्झाही नव्हता.

अशा मृत्यूपुढे दोन प्रश्न उभे राहतात. डॉक्टर विचारतात, हे कशामुळे झालं? घरचे विचारतात, आमच्याच वाट्याला का? पहिला प्रश्न प्रयोगशाळेकडे जातो, दुसरा देवाकडे. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं आपण शाळेपासून धरून चालतो. रानउंदरांच्या विषाणूंचा शोध मात्र या दोन्ही प्रश्नांना एकाच जागी आणून उभं करतो.

उंदीर आणि साथ यांचा संबंध माणसाला फार पूर्वीपासून जाणवला होता. होमरच्या ‘इलियड’मध्ये आरंभीच अपोलो ग्रीकांच्या छावणीवर रोगाचे बाण सोडतो. त्याचा पुजारी त्याला ‘स्मिन्थियस’ म्हणून हाक मारतो आणि त्या रूपाचं नातं परंपरेनं उंदरांशी जोडलं आहे. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पलिष्टी लोक इस्राएलांचा कराराचा कोश पळवून नेतात आणि त्यांच्या नगरांत गाठींची साथ येते. कोश परत पाठवताना ते सोन्याच्या पाच गाठी आणि सोन्याचे पाच उंदीर दोषार्पण म्हणून सोबत देतात. दोन्ही कथांमध्ये उंदीर हा वरच्या कोपाचा दूत आहे. कुणीतरी अपराध केला आणि कुणीतरी शिक्षा धाडली, असा तो हिशेब.

पण हा हिशेब जुळत नाही. प्रेयसीच्या अंत्यविधीला निघालेल्या मुलाचा अपराध काय होता? १७५५ मध्ये ऐन सर्व संतांच्या सणादिवशी लिस्बन शहर भूकंपानं कोसळलं, प्रार्थनेला जमलेले लोक गाडले गेले, तेव्हा व्हॉल्तेरनं युरोपातल्या धर्मचिंतकांना नेमकं हेच विचारलं होतं. त्यानंतर अनेकांनी एक सुटसुटीत उत्तर स्वीकारलं: निसर्गात अर्थ नसतो, घडतं ते घडतं. शिक्षेच्या कल्पनेपेक्षा हे उत्तर प्रामाणिक आहे. पण त्यानं विचार फार लवकर थांबतो. ‘अर्थ नाही’ म्हटल्यावर माणूस संबंध शोधणंही सोडून देण्याचा धोका असतो, आणि १९९३ च्या उन्हाळ्यात सगळं अवलंबून होतं ते संबंध शोधण्यावरच.

अटलांटातल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेकडे रुग्णांच्या रक्ताचे आणि अवयवांचे नमुने गेले. तिथे ते ओळखीच्या विषाणूंसमोर एकेक करून धरले गेले. जूनच्या सुरुवातीला एक अनपेक्षित खूण पटली. रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं हंटाविषाणूंना ओळखत होती. हे विषाणू आशिया आणि युरोपातले, मूत्रपिंडावर आघात करणारे म्हणून माहीत होते. फुप्फुसं भरून माणूस मारणारा हंटाविषाणू कुणी पाहिलेला नव्हता. ज्ञात हंटाविषाणूंच्या जनुकांमध्ये जे तुकडे सहसा बदलत नाहीत, त्यांच्या आधारे पीसीआर तंत्र वापरून संशोधकांनी मृतांच्या ऊतींमधून नव्या विषाणूचा जनुकक्रम बाहेर काढला. हे सगळं काही आठवड्यांत झालं.

ही खूण पटली ती कोरियातल्या एका जुन्या, चिवट शोधामुळे. १९५० ते ५३ च्या कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या तीन हजारांहून अधिक सैनिकांना रक्तस्रावी ताप आला होता आणि त्याचं कारण कुणालाच सापडलं नव्हतं. १९७६ मध्ये ली हो-वांग या कोरियन शास्त्रज्ञानं पाठीवर पट्टा असलेल्या शेतउंदराच्या फुप्फुसाचे पातळ काप घेतले आणि त्यांवर बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं सोडली. सूक्ष्मदर्शकाखाली ती चमकली. माणसाच्या शरीरानं ज्याची आठवण ठेवली होती, ते उंदराच्या शरीरात होतं. हंटान नदीवरून त्या विषाणूला नाव मिळालं. त्याच्याही आधी, १९६४ मध्ये, तामिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये पकडलेल्या एका चिचुंद्रीतून थोट्टपालयम नावाचा विषाणू वेगळा केला गेला होता. तो याच कुळातला, हे पुढे कैक वर्षांनी उमगलं. वस्तू हातात होती, पण तिचं नातं ठाऊक नव्हतं.

हंटाविषाणू म्हटल्यावर उंदीर शोधणं ओघानंच आलं. नमुने घेणारी पथकं चार राज्यांच्या सीमा मिळतात त्या फोर कॉर्नर्स परिसरात पसरली. रुग्णांच्या घरांत, गोठ्यांत, आसपासच्या झुडपांत ॲल्युमिनियमचे हलके सापळे लागले. दार आपोआप पडणाऱ्या या सापळ्यात उंदीर जिवंत सापडतो. पहाटे सापळे गोळा करायचे, मुखवटे आणि हातमोजे घालून रक्त घ्यायचं, यकृत, फुप्फुस, मूत्रपिंडाचे तुकडे गोठवायचे, प्रत्येक जनावराची जात, लिंग, वजन आणि जागा लिहून ठेवायची. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुमारे १,७०० कृंतक पकडले गेले. त्यांत सर्वांत जास्त भरला तो डिअर माउस, पांढऱ्या पोटाचा, मोठ्या डोळ्यांचा रानउंदीर. तपासलेल्या डिअर माउसपैकी सुमारे तीस टक्क्यांमध्ये या विषाणूच्या संसर्गाचा पुरावा मिळाला. नोव्हेंबरमध्ये एका रुग्णाच्या घराजवळ पकडलेल्या अशाच उंदराच्या ऊतीतून तो विषाणू प्रयोगशाळेत वाढवता आला.

गुन्हेगार सापडला, असं कुणालाही वाटेल. पण त्या उंदराकडे नीट पाहिलं, तर हा शब्द तोंडात अडखळतो. डिअर माउस आजारी नव्हता. विषाणू त्याच्या शरीरात असतो, लघवीतून, विष्ठेतून, लाळेतून बाहेर पडतो, आपसातल्या चावाचावीतून दुसऱ्या उंदरात जातो. पण उंदराच्या जगण्यात त्यानं फारसा खंड पडत नाही. या विषाणूला माणसात भवितव्यही नाही, कारण फोर कॉर्नर्समधला हा विषाणू माणसाकडून माणसाकडे जात नाही. माणूस मेला की त्याच्यातला विषाणूही संपतो. माणसाच्या मरणातून ना उंदराला काही मिळतं, ना विषाणूला.

पुढचा तपशील आणखी अस्वस्थ करणारा आहे. हा विषाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींमध्ये शिरतो, पण त्या पेशी तो स्वतः फोडत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था त्याच्यावर तुटून पडते, केशवाहिन्या पाझरू लागतात आणि फुप्फुसं पाण्यानं भरतात. माणूस दगावतो त्यात त्याच्याच बचावाचा मोठा हात असतो.

घरउंदरातल्या एका विषाणूनं हे फार पूर्वी दाखवून दिलं होतं. त्याचं नाव लांबलचक असल्यानं शास्त्रज्ञ त्याला ‘एलसीएमव्ही’ म्हणतात. १९३० च्या दशकात एरिक ट्राउब यांना आढळलं, की ज्या पिल्लांना तो आईच्या पोटातच मिळतो, ती जन्मभर विषाणू बाळगूनही ठणठणीत राहतात. प्रौढ उंदराच्या मेंदूत तोच विषाणू टोचला, तर उंदीर मरतो. त्याची प्रतिकारशक्ती आधी दाबली, तर मात्र वाचतो. जन्माआधी भेटलेल्या विषाणूला शरीर ‘आपला’ मानतं, नंतर भेटलेल्याला ‘परका’. मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९४९ मध्ये आपपर भेदाचा जो सिद्धान्त मांडला, त्याला ट्राउब यांच्या या निरीक्षणाचा आधार होता. १९७० च्या दशकात कॅनबेरात पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी याच विषाणूवर काम करून संरक्षक पेशी परक्याला कशा ओळखतात ते उलगडलं आणि १९९६ चं नोबेल मिळवलं. ‘मी’ आणि ‘माझ्याबाहेरचा’ यांतली रेघ शरीर कधी, कशी ओढतं, हा अध्यात्माला चिरपरिचित असलेला प्रश्न जीवशास्त्रात एका उंदराच्या विषाणूनं धसाला लावला.

मग दोष कुठे आहे? विषाणूच्या कणात नाही, कारण तोच कण उंदरात निरुपद्रवी आहे. उंदरात नाही, माणसाच्या शरीरातही नाही. संत ऑगस्टीननं म्हटलं होतं, की वाईटाला स्वतःचं असं द्रव्य नसतं, चांगल्याचा अभाव म्हणजेच वाईट. इथे ते पुरत नाही, कारण इथे अभाव कशाचाच नाही. उंदीर पूर्ण आहे, विषाणू पूर्ण आहे, धावपटूचं शरीर तर ऐन भरात आहे. वाईट घडलं ते या तिघांच्या भेटीत.

बौद्ध विचारातली प्रतीत्यसमुत्पादाची कल्पना इथे जास्त उपयोगी पडते. कोणतीही गोष्ट एकटी, स्वतःच्या बळावर उपजत नाही. अनेक कारणं एकत्र येतात तेव्हा ती घडते, आणि त्यातलं एक निघालं की घडत नाही. फोर कॉर्नर्समध्ये ती कारणं कोणती होती, हे आश्चर्य वाटावं इतक्या बारकाईनं सांगता येतं. तिथे काही वर्षं दुष्काळ होता. मग एल निनोमुळे भरपूर हिमवर्षाव आणि पाऊस झाला. गवत माजलं, पिन्यॉन पाइनच्या झाडांना बियांचा बहर आला, उंदरांना खाणं मुबलक झालं. मे १९९२ च्या तुलनेत मे १९९३ मध्ये त्या भागात डिअर माउसची संख्या सुमारे दहापट झाली होती. एवढे उंदीर रानात मावेनात, ते घरांत आणि कोठारांत शिरले. त्यांच्या विष्ठेची धूळ झाडताना उडाली आणि श्वासातून आत गेली.

दहापट हा आकडा कळला, कारण साथीच्या आधीपासून कुणीतरी उंदीर मोजत होतं. न्यू मेक्सिकोतल्या सेव्हिलेटा अभयारण्यात रॉबर्ट पारमेंटर आणि त्यांचे सहकारी पाऊस, गवत आणि कृंतक यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवत होते, कुठल्याही रोगाचा विचार मनात नसताना. आल्बुकर्कीतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आधीच्या वर्षांत पकडलेल्या उंदरांच्या ऊती गोठवून ठेवलेल्या होत्या. टेरी येट्स यांच्यासारख्या संशोधकांमुळे त्या जपल्या गेल्या होत्या. त्या तपासल्यावर कळलं, की विषाणू नवा नव्हताच. लष्कराच्या प्रयोगशाळेतून काही सुटल्याची अफवा त्यामुळे निकालात निघाली. पुढे जुन्या रुग्णांचे नमुनेही तपासले गेले आणि १९५९ मध्ये युटा राज्यात आजारी पडलेल्या एका माणसालाही हाच रोग झाला होता, असं दिसून आलं.

नवाहो वृद्धांना याचं नवल वाटलं नाही. त्यांच्या परंपरेत असा आजार माहीत होता आणि त्याचा संबंध उंदरांशी जोडलेला होता. बेन मुनेटा या नवाहो डॉक्टरांनी पारंपरिक वैद्यांना विचारलं, तेव्हा जास्तीचा पाऊस आणि पिन्यॉनचा अतोनात बहर यांकडे त्यांनी बोट दाखवलं. नवाहो विचारात उंदराचं जग वेगळं आणि माणसाच्या घराचं जग वेगळं. उंदीर दुष्ट नाही. बियाणं पसरवणारा म्हणून त्याला मानच आहे. पण त्यानं घरात येऊ नये, अन्नाला लागू नये. अंगावरच्या कपड्यांवरून तो पळाला तर ते जाळून टाकावेत. सगळ्या गोष्टी आपापल्या जागी, परस्परांशी मेळ राखून असणं याला ते ‘होझो’ म्हणतात आणि तो मेळ मोडला की आजार येतो. पुढे सरकारी आरोग्ययंत्रणेनं जे नियम काढले, ते या शिकवणीशी जवळपास तंतोतंत जुळतात, अशी नोंद खुद्द सीडीसीनं केली आहे.

म्हणून ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण ते खरं नाही. होझोमध्ये जनुकक्रम नव्हता. कॅलिफोर्नियाच्या उंदरात किंवा युटातल्या जुन्या रुग्णात हाच विषाणू आहे का, हे त्यातून कळलं नसतं. उलट पीसीआरमध्ये पाऊस नव्हता, पिन्यॉन नव्हता, घराचा उंबरठा नव्हता. एका ज्ञानाकडे कण होता, दुसऱ्याकडे संबंध. आणि इथे मारक ठरला होता तो संबंधच.

संबंध न बघता दोष शोधू गेलं, की तो कुणावर जाऊन पडतो, तेही त्या उन्हाळ्यात दिसलं. वृत्तपत्रांनी या रोगाला ‘नवाहो फ्लू’ म्हटलं. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेनं तिथल्या विद्यार्थ्यांच्या पत्रमित्रांना, नवाहो मुलांना, भेटीला येण्यास मनाई केली. मेलेल्यांबद्दल काही दिवस बोलायचं नाही ही ज्यांची रीत, त्यांच्या दारात वार्ताहर कॅमेरे घेऊन उभे राहिले. विषाणूला ‘मुएर्तो कॅन्यन’ हे नाव सुचवलं गेलं, तेव्हा नवाहोंनी हरकत घेतली. त्या नावाच्या दरीत १८०५ मध्ये स्पॅनिश सैन्यानं त्यांच्या लोकांची कत्तल केली होती. शेवटी ‘सिन नोम्ब्रे’, म्हणजे निनावी, असं नाव ठरलं. पापाची कल्पना आधुनिक जगातून गेली, असं आपण म्हणतो. ती गेली नव्हती, देवाच्या दरबारातून निघून वर्तमानपत्राच्या मथळ्यात येऊन बसली होती.

बुद्धाच्या उपदेशातला एक दृष्टान्त प्रसिद्ध आहे. बाण लागलेला माणूस म्हणतो, तो कुणी मारला, धनुष्य कसलं होतं, पिसं कोणत्या पक्ष्याची, हे कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही. तसा तो मरून जाईल. आधी बाण काढा, जगाच्या आदिअंताचे प्रश्न नंतर. दुःखाच्या क्षणी ही शिकवण फार मोलाची आहे. पण सिन नोम्ब्रेच्या बाबतीत एक अडचण आहे: हा बाण काढता येत नाही. या रोगावर आजही खास औषध नाही. अतिदक्षता विभागात श्वास आणि रक्ताभिसरण सांभाळत वाट पाहावी लागते आणि दहांतले जवळपास चार रुग्ण दगावतात. ज्याला बाण लागला, त्याच्यासाठी फार थोडं करता येतं. पुढच्या माणसाला तो लागू नये, यासाठी मात्र धनुष्य कसलं आणि पिसं कोणाची, हे विचारावंच लागतं. इथे जिज्ञासा हीच करुणेची रीत होते. सेव्हिलेटात गवताच्या नोंदी ठेवणाऱ्यांना याची कल्पना नव्हती, तरी त्यांच्या कामाचं मोल त्यानं उणावत नाही.

याच ठिकाणी अहिंसेचा प्रश्न टाळता येत नाही. हे ज्ञान मिळवताना उंदीर मारले गेले. जैन विचार जीवाचं मोल त्याच्या आकारावर ठरवत नाही, आणि ‘उंदीरच तर आहे’ असं म्हणून त्या विचारातून सुटका होत नाही. बोलिव्हियातल्या सान होआकिन गावाचं उदाहरण या बाबतीत कसोटी पाहणारं आहे. १९६३ मध्ये तिथे रक्तस्रावी तापानं लोक मरत होते. कार्ल जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माचुपो विषाणू शोधला. या कामात खुद्द जॉन्सनही त्याच तापानं आजारी पडले. विषाणू ‘कॅलोमिस’ नावाच्या उंदरात होता आणि गावात मांजरं उरली नसल्यानं ते उंदीर घराघरांत नांदत होते. गावभर सापळे लावून उंदीर मारले गेले आणि काही आठवड्यांत साथ थांबली. त्या गावच्या आईबापांसमोर उभं राहून ही हिंसा चुकीची होती, असं म्हणता येणार नाही.

पण ती हिंसा कारणांच्या साखळीतल्या एका ठिकाणी, गावाच्या हद्दीत, माहितीच्या आधारे झाली. रानातला कॅलोमिस संपवायला कुणी निघालं नाही. १९९३ नंतर अमेरिकेतही सल्ला देण्यात आला तो घरं बंदिस्त करण्याचा. भिंतीच्या फटी बुजवा, धान्य झाकून ठेवा, बंद खोली उघडली की अर्धा तास वारा खेळू द्या, लेंड्या कोरड्या झाडू नका, ब्लीचच्या पाण्यानं भिजवून पुसा. कारणं जितकी बारकाईनं कळतात, तितकी मारण्याची गरज कमी होते. पुढच्या अभ्यासांत पुष्कळ उंदरांच्या कानात क्रमांकाची चकती लावून, थेंबभर रक्त घेऊन त्यांना पकडल्या जागीच सोडण्यात आलं. एकच उंदीर महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा सापळ्यात येत राहिल्यानं विषाणू कळपात कसा फिरतो, ते मारून कळलं नसतं इतकं नीट कळलं. तरीही काही प्रश्नांसाठी संपूर्ण शरीर संग्रहालयात ठेवावं लागतं. येट्स यांच्या काळातल्या गोठवलेल्या ऊती नसत्या, तर १९९३ मध्ये अफवाच जिंकली असती. हे ओझं विज्ञानानं मान्य करावं आणि प्रत्येक सापळ्यामागे त्याचं कारण विचारावं, एवढी अपेक्षा अहिंसेचा विचार नक्की करू शकतो.

कारणांची साखळी मान्य केली, तर कुणालाच जबाबदार धरता येत नाही, असा आक्षेप घेतला जातो. घडतं ते उलट. उंदराला साखळी कळत नाही, विषाणूला कळत नाही, पावसाला कळत नाही. ती कळू शकणारा एकच घटक त्यात आहे, आणि कळल्यानंतर त्याचं वागणं पूर्वीसारखं निरागस राहू शकत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात आलेल्या १० जणांना हंटाविषाणूनं गाठलं आणि त्यांतले ३ दगावले. १० पैकी ९ जण दुहेरी भिंतींच्या तंबूघरांत राहिले होते, आणि त्या दोन भिंतींमधल्या अस्तरात डिअर माउसनी घरटी केली होती. पर्यटकांच्या उबेसाठी बांधलेली ती पोकळी उंदरांनाही मानवली होती. तशी ९१ तंबूघरं कायमची बंद करण्यात आली.

योसेमिटीत हे करता आलं, कारण पैसा होता आणि सगळ्या जगाचं लक्ष होतं. नवाहो भूमीवरच्या जुन्या घरांच्या फटी बुजवायला, पश्चिम आफ्रिकेतल्या लासा तापाच्या प्रदेशात उंदीर शिरणार नाही अशी धान्याची कोठारं बांधायला आणि रानातले उंदीर साथ नसतानाही वर्षानुवर्षं मोजत राहायला पैसे लागतात, आणि ते सहसा साथ आल्यावरच मंजूर होतात. ‘आमच्याच वाट्याला का?’ या प्रश्नाचं पूर्ण उत्तर कोणत्याही धर्माला किंवा प्रयोगशाळेला देता आलेलं नाही. त्याच्या उत्तराचा एक भाग मात्र आता माहीत आहे. तो पावसाच्या नोंदीत आहे, घराच्या भिंतीत आहे आणि त्या भिंतीसाठी कुणी किती पैसे बाजूला ठेवले, या हिशेबात आहे. तेवढ्या भागापुरता हा प्रश्न देवाला विचारण्याआधी एकमेकांना विचारावा लागेल.